पायबंद कोणी कापला?

नारिन गावच्या रोजगार कार्यालयात झूराकान एजे आणि मी एकाच खोलीत बसायचो. मी खिडकीपाशी, त्या शेगडीपाशी. बेकार माणूस आत आला की आधी रांगेत माझं डाफरणं ऐकत नाव नोंदवायचा आणि मग पुढे काय करायचं ते विचारायला त्यांच्या टेबलाकडे सरकायचा. मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला बाइके. झूराकानबाई निवृत्तीला आलेल्या, त्यामुळे त्या सगळ्या गावाच्या एजे. मलाही पोरंटोरं बाइके म्हणायची, पण ते जिभेच्या शेंड्यावरून. माझी चाळिशी उलटून गेली आहे. बायको सोडून गेली, मूलबाळ झालं नाही, अंगातला कोट लग्नातलाच. अशा माणसाचं वय कोणी फारसं मनावर घेत नाही.

खात्याने एजेंना चाचण्या पाठवल्या होत्या. कोणाला कुठलं काम जमेल हे त्यातून कळतं म्हणे. त्यातला पहिलाच प्रश्न होता, तुम्हाला माणसांत रमायला आवडतं की वस्तूंत. एका मेंढपाळाने विचारलं, "मेंढ्या कशात धरायच्या?" एजेंनी त्या चाचण्या शेगडीमागे ठेवून दिल्या, आणि हिवाळ्यात त्यांचा चांगला उपयोग झाला.

एजेंची स्वतःची चाचणी एका प्रश्नाची होती. समोरच्याला चहा द्यायचा आणि विचारायचं, "तुझा पायबंद कोणी कापला?"

आमच्याकडे मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात, घोड्याला पायबंद घालतात तशी. लोक लांबून पळत येतात आणि पहिला येईल तो चाकूने दोरी कापतो. मूल त्याच्या वळणावर जातं. ज्याचा पायबंद कापलाच नाही, तो जन्मभर ठेचकाळतो. शर्यत नावाची असते हे सगळ्यांना माहीत असतं. कर्त्या, लेकुरवाळ्या माणसाला पुढे जाऊ द्यायचं असतं. मी बहिणीच्या मुलाच्या वेळी पळालो आणि काय अवदसा आठवली कोण जाणे, पहिला आलो. बहीण म्हणाली, "सुरुवात नीट झाली नाही. परत पळा." सगळे परत पळाले. मी पळालो नाही. नंतर बोरसोक मात्र पोटभर खाल्ले. राग तळलेल्या कणकेवर कशाला काढायचा? पण त्यानंतर मी कुठल्याच शर्यतीत उतरलो नाही, आणि कोणी बोलावलंही नाही.

"तुम्ही शिकल्यासवरलेल्या," मी एजेंना म्हणायचो, "आणि हे काय खूळ?"

"खूळ कसलं? माणूस स्वतःबद्दल बोलायला लाजतो रे मेदेर. पायबंद कापणाऱ्याबद्दल विचार, घडाघडा बोलतो. आणि त्याच्याबद्दल बोलता बोलता स्वतःचंच सांगून जातो."

ते खरंही होतं. शाळा संपवलेली एक मुलगी आईबरोबर आली. आईच बोलत होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पायबंद कापला, म्हणून मुलगी दातांची डॉक्टर होणार. एजेंनी मुलीला विचारलं, "त्या बाईंचं तुला काय आवडतं?" मुलगी म्हणाली, "त्यांचं शिलाईचं मशीन." डॉक्टरीणबाईंचा पांढरा डगला आता तीच शिवते. रशियात बांधकामावर राबून परतलेला एक गवंडी आला. तो म्हणाला, "माझा कापणारा रशियात गेला तो परत आलाच नाही." एजे म्हणाल्या, "तू आलास ना? मग त्याचं तुझ्यात आलेलं नाही. चहा घे." एक निवृत्त हिशेबनीसबाई तर काम नको, घराबाहेर बसायला जागा हवी म्हणून आल्या. सून आल्यापासून घरात दोन मालकिणी झाल्या होत्या. त्या रोज येऊन आमच्याच बाकावर बसायला लागल्या.

मग कलिपा आली. तिला मी तेव्हा एजे म्हणायचो, कारण ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी आहे. ते म्हणणं का सोडलं ते पुढे येईलच.

कलिपा शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. वसतिगृह बंद झालं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. मुलगा राजधानीत, बिश्केकला, त्याला नुकतंच बाळ झालेलं. "सून म्हणते, आई, इकडे या, बाळाला सांभाळा, आता या वयात कुठे नोकरी करता," कलिपाने सांगितलं. "एक कोपरा रिकामा करून ठेवलाय त्यांनी माझ्यासाठी. कपाट आणि खिडकीच्या मधला."

"मग अडचण काय?" मी नोंद करता करता विचारलं.

"नातू माझा जीव आहे. पण चोवीस तास कपाटाशेजारी बसून दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या सांगण्यावरून पोर सांभाळायचं आणि त्यातच म्हातारं व्हायचं, हे मला नको." एवढं बोलून ती स्वतःच दचकली. कोणापुढे हे पहिल्यांदाच बोलली असावी.

एजेंनी चहा ओतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"कोणीच नाही," कलिपा म्हणाली.

"म्हणजे आठवत नाही?"

"कापलाच नाही. मी पाचवी मुलगी. चालायला लागले तेव्हा मेंढरं उन्हाळी कुरणावर न्यायची घाई होती. वडील म्हणाले, शरदात करू. शरदात भाऊ झाला. मग कोणाला आठवण राहते?"

पण एजे हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. विचारत विचारत त्यांनी काढून घेतलं की नवऱ्याची पाठ गेल्यावर त्याचा गवताचा ट्रक शेवटची पाच वर्षं कलिपाच चालवत होती. कुरणावर ना पोलीस ना लायसन. ट्रकबद्दल बोलताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती, हे मीसुद्धा पाहिलं. शाळेसाठी नवी बस आली होती आणि चालक मिळत नव्हता. धडधाकट पुरुष सगळे रशियात. प्रशिक्षण तीन महिन्यांचं, फी खात्याची. एजेंनी लगेच मुख्याध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, बाई तर बाई, शाळा उघडायच्या आत लायसन आणा, तोवर थांबतो.

कलिपाने प्रशिक्षण उत्तम केलं आणि परीक्षेत नापास झाली. चढावर गाडी थांबवायची आणि हातभराहून जास्त मागे न घसरता परत हलवायची, तिथे गाडी बंद पडली. दुसऱ्या वेळीही तिथेच. तीनच संधी मिळतात. तिसरी गेली की प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून, आणि शाळा तोवर थांबणार नव्हती. मग बिश्केकचा कोपरा होताच.

आमच्या कार्यालयाचा ड्रायव्हर तोक्तोसुन म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं. गाडी चालवता येत नाही, आणि आता सगळ्यांना सांगत सुटलीय की पायबंद कापला नाही म्हणून पाय अडकतो."

"कोणाला सांगते?" एजेंनी विचारलं.

"सगळ्यांना. बाजारात सांगत होती."

त्या दुपारी कलिपा आली. उभ्यानेच म्हणाली, "एजे, परवा तिसरी परीक्षा आहे. मी जात नाही. बिश्केकचं तिकीट काढते."

"का गं?"

"क्लचवर पाय ठेवला की दोरी आठवते. इतकी वर्षं कधी आठवली नव्हती. ट्रक सगळ्या खिंडींतून नेला, कधी मनात आलं नाही. आता पाय उचलायला गेले की वाटतं, बांधलेलाच आहे. हात दाखवून अवलक्षण झालं बघा. तुमच्याकडे आले नसते तर बरं झालं असतं."

ती गेल्यावर एजेंनी हातातली चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मेदेर, तिच्या पायात नव्हती ती दोरी मी दाखवली तिला."

"तुम्हाला काय माहीत असं होईल म्हणून?"

"माहीत असायला हवं होतं. इतकी वर्षं हेच काम करते मी." त्यांचे डोळे भरले होते. कोणाच्याही रडगाण्याने न हलणारी ती बाई मी तशी कधी पाहिली नव्हती, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काळ्या-पांढऱ्या लोकरीची वळलेली दोरी घेऊनच आल्या. कलिपाला निरोप गेला होता. मी म्हणालो, "एजे, बाई आजी झालीय! गाव हसेल." त्या म्हणाल्या, "हसू दे. बांधल्यासारखं वाटतंय ना तिला, मग बांधून कापते."

कलिपा आली, प्रकार पाहिला आणि परत निघाली. एजेंनी तिला दंडाला धरलं. "तिकीट उद्या काढ. आज माझ्यासाठी पाच मिनिटं उभी राहा." कलिपा मोठ्यांचा शब्द मोडणारी नव्हती. आमच्या कार्यालयाचं आवार उतरतं आहे. फाटक वर रस्त्याला आणि खाली कोळशाचा ढीग. ढिगापाशी ती चवड्यांवर नजर लावून उभी राहिली. एजेंनी गुडघे टेकून तिचे घोटे बांधले. बाकावरचे लोक बाहेर आले.

"फाटकापासून पळत यायचं," एजे म्हणाल्या. "पहिला येईल त्याने कापायचा."

कोणी हललं नाही. हिशेबनीसबाई म्हणाल्या, "झूराकान, जरा डोकं चालव. इथे सगळे बेकार. यातल्या कोणी कापला तर ही त्याच्याच वळणावर जायची. मग हिला नोकरी लागणार कशी?"

"मी नाही पळत बुवा," गवंडी म्हणाला. "माझ्या पायगुणाने हिची बस मॉस्कोत निघायची."

लोक हसले. कलिपा हसली नाही. एजे माझ्याकडे वळल्या. "मेदेर, तू पगारी माणूस आहेस. पळ."

हिशेबनीसबाईंनी चटकन खाली पाहिलं. ते खाली पाहणं माझ्या ओळखीचं होतं. बहिणीच्या अंगणात मी ते पुष्कळ पाहिलं होतं. मी म्हणालो, "माझा गुडघा दुखतो."

"मग मीच पळते," एजे म्हणाल्या. एकटीची शर्यत होत नाही म्हणून हिशेबनीसबाईंना त्यांनी बळेच बरोबर घेतलं. दोन म्हाताऱ्या फाटकापर्यंत चढून गेल्या, पदर सावरावा तसे डोक्यावरचे रुमाल सावरले, आणि पळाल्या. एजे जाडजूड, पायात रबरी जोडे, खाली सुटे खडे. अर्ध्या वाटेत पाय सटकला आणि त्या हातावर पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मला ढिगापाशी ऐकू आला.

मनगट बघवत नव्हतं. गवंड्याने रुग्णवाहिकेला फोन केला. ती खिंडीपलीकडे गेली होती, तासाभराने येणार होती. तोक्तोसुन मयताच्या जेवणाला गेलेला. कार्यालयाची व्हॅन आवारात, किल्ली माझ्या खुर्चीमागे खिळ्याला. मला गाडी येत नाही. गवंड्याला सिमेंटच्या हातगाडीपलीकडे काही येत नव्हतं.

"मेदेर, किल्ली आण!" कलिपा ओरडली.

मी किल्ली घेऊन धावत आलो. ती व्हॅनकडे निघाली आणि पहिल्याच पावलाला तोंडावर आपटली असती, मी धरलं म्हणून वाचली. पाय बांधलेत हे ती विसरली होती. पेन्सिलींना टोक काढायचा चाकू माझ्या खिशात कायम असतो. मी खाली बसलो, दोरी कापली, आणि तिला व्हॅनकडे ढकललं. माझ्या मनात तेव्हा एजेंच्या मनगटाशिवाय काही नव्हतं.

गवंड्याने आणि मी एजेंना मागे बसवलं. हिशेबनीसबाईही चढल्या. व्हॅन चढाने फाटकापर्यंत गेली आणि तिथे थांबावं लागलं, कारण रस्त्यावरून लाकडाने भरलेला ट्रक जात होता. याच जागी तोक्तोसुन दर सकाळी गाडी बंद पाडतो आणि कार्यालयाच्या नावाने बोटं मोडतो. ट्रक गेला. कलिपा मागे मान वळवून माझ्यावर डाफरत होती, "हात असा काय धरलास, मेंढीचा पाय आहे का तो? खालून आधार दे!" आणि डाफरता डाफरता व्हॅन सुरळीत रस्त्यावर आलीसुद्धा.

नदीचा पूल आल्यावर एजे पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाल्या, "कलिपा, चढ गेला."

"कुठला चढ?" कलिपा म्हणाली.

इस्पितळात एजेंना आत नेलं आणि आम्ही बाहेर बसलो. जरा स्थिरस्थावर झाल्यावर हिशेबनीसबाईंना आठवलं. "अगं बाई, पण पायबंद कापला कोणी?"

गवंडी म्हणाला, "मेदेरने."

हिशेबनीसबाईंनी पुन्हा खाली पाहिलं. कोणी काही बोलायच्या आत आपणच बोललेलं बरं, म्हणून मी म्हणालो, "तो धरायचा नाही. सुरुवात नीट झाली नव्हती. उद्या परत करा, चांगला माणूस बघून."

"परत कशाला?" कलिपा म्हणाली. "कापला तो कापला." मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाइके, चाकूला लोकर चिकटलीय. पुसून ठेवा."

माझ्याहून मोठी बाई मला बाइके म्हणाली आणि अहो-जाहो करून बोलली. त्यानंतर मी तिला कधी एजे म्हणालो नाही. मी चाकू पुसायच्या निमित्ताने खिडकीकडे तोंड केलं.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, कारण परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. गावभर झालं होतंच. तोक्तोसुन म्हणाला, "मेदेरने कापला? मग बस दरीतच जायची." आता ती नापास झाली असती तर माझ्या हातामुळे झाली असती, माझ्या घरात जे झालं तेच तिच्या आयुष्यात उतरलं, असं लोक म्हणाले असते, आणि मला ते खोडता आलं नसतं. मी आजवर त्या खुळाला हसत आलो होतो. त्या सकाळी मला हसू आलं नाही. मी कार्यालय उघडायचं सोडून परीक्षेच्या मैदानावर गेलो आणि कुंपणाबाहेर उभा राहिलो.

एजे माझ्या आधीच तिथे होत्या, हात गळ्यात बांधलेला. "तू कशाला आलास?" त्यांनी विचारलं.

"नोंद करायला," मी म्हणालो.

कलिपाची बस चढावर थांबली. परीक्षकाने खिडकीतून पाहून काही लिहिलं. मग बस हलली, आणि हातभर मागे आली. एजेंनी धड हाताने माझी बाही पकडली. मी डोळे मिटले, खोटं कशाला सांगू. उघडले तेव्हा बस चढाच्या माथ्यावर होती आणि कलिपा काचेतून आम्हाला शोधत होती.

एजेंनी त्यानंतर तो प्रश्न कोणाला विचारला नाही. "मग आता काय विचारता?" मी एकदा विचारलं. "चहात दूध घालू का, ते विचारते," त्या म्हणाल्या. "बाकीचं सांगायचं असेल तर सांगतात." शरदात त्या निवृत्त झाल्या. घरी बसून काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "इतक्या लोकांना कामाला लावलं, मला काय घरी बसवतोस?" शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला माणूस हवं होतं. ते काम त्यांनी मुख्याध्यापकांकडे स्वतः जाऊन मागून घेतलं. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसतो.

जानेवारीतल्या एका सकाळी मी बाजारापाशी बर्फात चालत होतो. शाळेची बस माझ्याजवळ येऊन थांबली. झूराकान एजेंनी दार उघडलं. आत पोरं खच्चून भरलेली.

"बाइके, चढा," कलिपाने स्टिअरिंगवरून हाक मारली. "कार्यालय वाटेवरच आहे."

"जागा कुठे आहे?"

कलिपा आरशातून मुलांवर डाफरली, अगदी मी रांगेवर डाफरतो तशी. "उठा रे पुढचे! माझा पायबंद कापणारे बाइके आलेत, दिसत नाही का?"

पुढची दोन मुलं खाडकन उठली. त्यांनी एकदा कलिपाच्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. हिचा पायबंद याने कापला म्हणजे याचं वय किती असेल, याचा हिशेब त्यांच्या तोंडावर दिसत होता. त्यातल्या एकाने हळूच मला हाताला धरून बसवलं, म्हाताऱ्यांना बसवतात तसं.

मी बसलो. पुढे चढ होता.